लहान गावातली स्वस्त घरं: मालकाला बाजारभावाने विकू द्यायची की नाही?

कोपरखळी
थेट मुद्द्यावर येतो. लहान गावात एखादी संस्था स्वस्तात दहा घरं बांधते, पहिले मालक काही वर्षांनी ती चढ्या भावाने विकतात, घेणारा सुट्टीपुरता येणारा, आणि गावातली शिक्षिका, नर्स, बसचा ड्रायव्हर परत भाड्याची खोली शोधत फिरतात. शहरात दहा घरं गेली तर कुणाला पत्ता पण लागत नाही, छोट्या गावात तेवढ्याने शाळेचा वर्ग बंद पडू शकतो. ब्रिटनमध्ये १९८० च्या कायद्याने कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, भाडेकरूंना राहती घरं सवलतीत विकत घेता आली, त्यांचं भलं झालं, पण गेलेल्या घरांच्या जागी तेवढी नवी उभी राहिलीच नाहीत. शेवटी स्कॉटलंडने २०१६ ला आणि वेल्सने २०१९ ला तो हक्कच बंद केला. म्हणून म्हणतो, जमीन कायम गावाच्या ट्रस्टकडे ठेवा, घर माणसाच्या नावावर, आणि विकायचा दर आधीच ठरलेल्या सूत्राने. अमेरिकेत जॉर्जियात १९६९ ला कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी 'न्यू कम्युनिटीज' ही संस्था अशीच सुरू झाली होती.

उलटतपासणी
आणि १९८५ ला कर्जापायी सगळी जमीन गेली, ते पण लिहा की.

कोपरखळी
लिहितो ना. दुष्काळ पडला आणि सरकारी कर्ज देताना भेदभाव झाला, त्याची भरपाई पुढे सरकारलाच द्यावी लागली. यात ट्रस्टच्या कल्पनेचा काय दोष?

उलटतपासणी
बरं, ते सोडा. माझा आक्षेप वेगळाच आहे. पैसेवाल्याचं घर दुप्पट झालं तर ती त्याची हुशारी, आणि गरिबाचं झालं तर सूत्र लावून काढून घ्यायचं? उद्या त्याला आजारपणासाठी किंवा नोकरीसाठी गाव सोडावं लागलं तर हातात आलेल्या पैशात दुसरीकडे काहीच मिळणार नाही, म्हणजे स्वस्त घर घेतलं आणि गावात अडकला. गाव जिवंत ठेवायचा खर्च नेमका त्याच्याच खिशातून का?

मोजपट्टी
तुमचं भांडण विकण्यावरून चाललंय, आधी बांधून तर होऊ दे. मी याच धंद्यात आहे म्हणून सांगतो, सहा घरांसाठी पण मशिनरी, माणसं आणायचा खर्च साधारण तोच, रस्ता, पाणी, सांडपाणी हे सगळं सहाच घरांवर पडतं. वर बँकेचं व्हॅल्युएशन, म्हणजे बँक धरते ती घराची किंमत, बांधकाम खर्चापेक्षा कमी येतं, कारण आसपास अलीकडे काही विकलंच गेलेलं नसतं, मग मधली रक्कम कोण घालणार? अमेरिकेच्या ग्रामीण योजनेत काही कुटुंबं मिळून एकमेकांची घरं बांधतात, निदान ६५ टक्के मेहनत स्वतःची, आणि सगळी घरं पूर्ण झाल्याशिवाय कुणी राहायला जायचं नाही. खर्च खरंच उतरतो.

चारभिंती
दिवसभर राबून आलेल्या, पदरात दोन पोरं असलेल्या एकट्या बाईने संध्याकाळी विटा कधी वाहायच्या हे पण सांगा. त्यापेक्षा पडून असलेली घरं दुरुस्त करा. जपानमध्ये २०२३ च्या पाहणीत ९० लाख घरं रिकामी निघाली, १३.८ टक्के!

मोजपट्टी
रिकामं घर आणि काम एका ठिकाणी असतं का पण? जिथे रोजगार नाही तिथेच ती पडून असतात, आणि वारस इतके पांगलेले की सह्याच गोळा होत नाहीत.

कोपरखळी
आणि जिथे कामं आहेत तिथली बंद घरं सुट्टीवाल्यांची. स्वित्झर्लंडने २०१२ ला मतदान घेऊन गावागणिक अशा घरांवर एकूण घरांच्या २० टक्क्यांची मर्यादा घातली ती काय उगाच?

उलटतपासणी
मर्यादेने मागणी मरत नाही, नुसती सरकते. इंग्लंडात सेंट आयव्हजने २०१६ ला नियम केला की नवं घर फक्त कायम राहणाऱ्यालाच. जुन्या घरांना नियम नाही, मग सुट्टीवाले वळणार कुठे? जुन्यांकडेच. त्यापेक्षा मला स्कॉटलंडचं पटतं, तिथे २००३ च्या कायद्याने घरावर अशी अट टाकता येते की विकताना आधी ग्रामीण गृहसंस्थेला, म्हणजे गावात घरं पुरवणाऱ्या संस्थेला, घेणार का विचारायचं. घेताना जितके टक्के सवलत होती तितकीच सोडून मालक उरलेल्या बाजारभावाला विकतो, म्हणजे वाढीतला वाटा त्याला पण मिळतो.

कोपरखळी
बाजारभाव तिप्पट झाला तर ३० टक्के सवलत धरून सुद्धा ते घर नर्सच्या पगारात बसणार नाही. टक्केवारी कायम राहते, परवडणं नाही. सूत्र पगारवाढीला जोडा, दोघांचं भागेल.

उलटतपासणी
पगारच वाढले नाहीत तर? म्हणजे परत मालकच बुडाला.

मोजपट्टी
आणि त्या स्कॉटिश संस्थेला घर घ्यायचं की नाही हे ४२ दिवसांत कळवावं लागतं. स्वयंसेवकांवर चाललेली छोटी संस्था तेवढ्या रकमेची सोय तेवढ्यात कुठून करणार, की तारीख उलटून घर बाजारात जाऊ द्यायचं? सूत्र कुठलंही घ्या, परत विकत घ्यायचा फंड आधी बाजूला नसेल तर ते कागदावरच.