पोडियाट्रिस्टला मराठीत काय म्हणायचं?

बाबांना डायबेटिस आहे, डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'पोडियाट्रिस्टला दाखवा' असं लिहून दिलंय. घरात सगळ्यांना वाटलं लहान मुलांचे डॉक्टर! सत्तरीच्या माणसाला तिकडे कशाला पाठवतायत? मग कुठेतरी 'पादचिकित्सक' असं वाचलं, पण हा शब्द मोठ्यानं उच्चारला की पोरं फिदीफिदी हसतात. दुसरा बरा शब्द आहे का कुणाकडे? आणि हे लोक नेमकं करतात काय?

---

गोंधळ साहजिक आहे हो. पीडियाट्रिशनमध्ये ग्रीक 'पैस' म्हणजे मूल आणि इथे 'पोदोस' म्हणजे पावलाचा, शेवटचा 'इयात्रोस' म्हणजे वैद्य तो दोन्हीकडे तोच. ट्रायपॉड, ऑक्टोपस यातही हाच पाय आहे आणि आपला 'पद' पण त्याच कुळातला. गंमत म्हणजे ऑर्थोपेडिकमध्ये मात्र मूलच लपलंय, १७४१ मध्ये निकोला आंद्री नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं मुलांमधली शारीरिक व्यंगं सुधारण्यासाठी तो शब्द बनवला.

---

पादत्राण, पादचारी म्हणताना कोण हसतं? सवयीचा प्रश्न आहे. पादचिकित्सकच ठेवा.

---

कागदावर ठीक आहे, बोलताना नाही चालणार. पण 'पायाचे डॉक्टर' पण नको, कारण आपला पाय जांघेपासून नखापर्यंत असतो, मांडीचं हाड मोडलं तरी आपण पायच मोडला म्हणतो. यांचं काम मुख्यतः पाऊल आणि घोट्याचं. त्यामुळे सरळ 'पावलांचे डॉक्टर' म्हणा, कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

---

+१ पावलांचे डॉक्टर. कायरोपोडिस्ट म्हणतात ते हेच का? की ते पाठीचे मणके दाबणारे?

---

मणकेवाले ते कायरोप्रॅक्टर, त्यांचा इथे संबंध नाही. कायरोपोडिस्ट हा पोडियाट्रिस्टसाठीचाच जुना शब्द, ब्रिटनमध्ये अजून चालतो. आणि पेडिक्युअर करणारे तर पूर्ण वेगळे, ते पाय छान दिसायचं बघतात, आजार नाही.

आता काय करतात ते. कुरूप (काही जण भोवरी म्हणतात), घट्टे, मांसात रुतलेलं नख, नखाची बुरशी, तळव्यावरची चामखीळ, सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टेकवताना टाचेत येणारी कळ, सपाट तळवे, हे सगळं त्यांच्याकडे. पण तुमच्या बाबांसाठी महत्त्वाचं म्हणजे डायबेटिसमध्ये पायाची संवेदना हळूहळू कमी होते, खडा टोचला, चप्पल चावली तरी कळत नाही, त्यात रक्तपुरवठा कमी असला तर जखम भरतही नाही आणि चिघळत जाते. म्हणून काही दुखत नसताना सुद्धा दाखवायचं असतं, उलट दुखत नाही हीच काळजीची गोष्ट असू शकते.

पहिल्या वेळी आधी भरपूर प्रश्न विचारतात, मग दोन्ही पायांचे मोजे काढायला लावून बोटांच्या बेचक्यांपर्यंत बघतात. पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्यामागे बोटं ठेवून नाडी तपासतात. डोळे मिटायला सांगून नायलॉनचा एक धागा तळव्याला टेकवतात, तो १० ग्रॅमच्या दाबाला वाकतो, स्पर्श कळला की 'हो' म्हणायचं. (बाबांना आधी सांगून ठेवा की अंदाजानं हो म्हणू नका, ज्येष्ठ मंडळी ही टेस्ट परीक्षेसारखी पास व्हायला बघतात!) थोडं चालायला पण लावतात.

---

धन्यवाद! त्यांना कुरूप पण आहे. ते कापतात म्हणे, दुखेल का?

---

ब्लेडनं वरची कडक कातडी खरवडतात, ती मेलेली असते त्यामुळे सहसा दुखत नाही, भूल पण लागत नाही. भूल देतात ती रुतलेल्या नखाची कड काढताना, बोटाच्या मुळाशी इंजेक्शन, तेवढं मात्र चांगलंच झोंबतं. पण कुरूप परत येतं जर चप्पल तीच राहिली तर, कारण मूळ कारण दाब. आणि दुकानात मिळणाऱ्या कुरुपाच्या पट्ट्या बाबांना स्वतःहून लावू नका, त्यातलं सॅलिसिलिक अ‍ॅसिड चांगली कातडी पण जाळतं आणि संवेदना कमी असेल तर त्यांना पत्ताही लागणार नाही.

---

जाताना औषधांची यादी न्या, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती आठवणीनं सांगा. आणि चपला-बूट रोजचेच न्या, ठेवणीतले नकोत, तळ कुठल्या बाजूनं झिजलाय ते बघून त्यांना बरंच कळतं.