कायद्याने दिलेली मुभा हा हक्क म्हणायचा की नाही?

प्रश्न

एका जुन्या गाण्यातील स्वरयोजना कशी बदलत जाते, हे समजावणारी एक चित्रफीत मी तयार केली. तीत मूळ ध्वनिमुद्रणाचे आठ-दहा सेकंदांचे तीन तुकडे होते आणि प्रत्येक तुकड्यानंतर त्याचे सविस्तर विवेचन होते. चित्रफीत चढवल्यावर काही मिनिटांतच स्वयंचलित यंत्रणेने ती हटवली. समीक्षेसाठी उतारा घेण्यास कायद्याची परवानगी आहे, अशी हरकत मी नोंदवली, तेव्हा दावा करणाऱ्या कंपनीने कळवले की ध्वनिमुद्रण त्यांच्या मालकीचे असून त्याचा वापर रोखणे हा त्यांचा हक्क आहे. मित्रांचे म्हणणे असे की समीक्षेची सवलत हा माझा हक्क नव्हे, तो फक्त न्यायालयात मांडायचा बचाव आहे. जी गोष्ट कायदा करू देतो, ती करण्याचा मला हक्क नाही, हे मला पटत नाही. हक्क असेलच, तर तो मागायचा कोणाकडे?

प्रतिसाद १

गोंधळ 'हक्क' या शब्दात आहे. अमेरिकी विधिज्ञ वेस्ली होफेल्ड यांनी १९१३ मध्येच दाखवून दिले होते की या एका शब्दाखाली निरनिराळे कायदेशीर संबंध दडलेले असतात. काटेकोर अर्थाने माझा हक्क म्हणजे दुसऱ्या कोणावर तरी असलेले कर्तव्य. मुभा म्हणजे मी एखादी गोष्ट केली तर माझ्याकडून कोणतेही कर्तव्य मोडले जात नाही, एवढेच. कंपनीकडे पहिल्या प्रकारची गोष्ट आहे, तुमच्याकडे निदान दुसऱ्या प्रकारची आहे.

तरीही 'फक्त बचाव' हे शब्द मला चुकीचे वाटतात. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ पाहा. तेथे दिलेल्या कृती, ज्यांत टीका किंवा समीक्षेसाठी केलेला रास्त वापरही येतो, उल्लंघन ठरत नाहीत, असे ते कलम म्हणते. उल्लंघन झाले आणि कायद्याने ते माफ केले, असा त्याचा अर्थ होत नाही. उल्लंघन मुळात घडतच नाही. म्हणजे तुमचा वापर रास्त असेल, तर तो रोखण्याचा हक्क कंपनीला कधी मिळालेलाच नव्हता. हा फरक मी मुद्दाम ताणून सांगतो आहे, कारण रोजच्या वादांत मालकी सगळीकडे पोहोचते असे गृहीत धरले जाते आणि मग समीक्षक याचक ठरतो.

काही न्यायालये याच्याही पुढे गेली आहेत. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये रास्त वापराला थेट 'वापरकर्त्याचा हक्क' म्हटले, आणि युरोपीय संघाच्या न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये सांगितले की हे अपवाद स्वतःच वापरकर्त्यांना हक्क देतात.

प्रतिसाद २

मी स्वतः संगीतकार आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझी संपूर्ण गाणी चढवून शेवटी दोन वाक्ये बोलायची आणि त्याला 'समीक्षा' म्हणायचे, असे प्रकार मी अनेकदा पाहिले आहेत. बर्न करार या कॉपीराइटविषयक आंतरराष्ट्रीय करारामुळे माझा कॉपीराइट नोंदणीशिवायच निर्माण होतो हे खरे. पण तो बजावण्याचे काम मलाच करावे लागते आणि एकट्या माणसाला प्रत्येक चित्रफीत ऐकून पाहणे शक्य नसते. त्यामुळे यंत्रणेने शोध घ्यावा, याला माझा विरोध नाही. निर्णयही तिनेच द्यावा, याला मात्र आहे, कारण सूर जुळतात एवढेच तिला कळते, ते कशासाठी घेतले आहेत हे कळत नाही. २९ सेकंदांच्या एका घरगुती चित्रफितीच्या खटल्यात अमेरिकेतील अपील न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले की काढून टाकण्याची नोटीस पाठवण्यापूर्वी मालकाने हा वापर रास्त आहे का, याचा विचार केलाच पाहिजे. तुम्हाला आलेल्या उत्तरात तसा विचार झाल्याचे कोठेही दिसत नाही.

प्रतिसाद ३

कोणाकडे मागायचे, याबद्दल. आधी हे पाहा की तुमच्यावर कायद्यानुसार नोटीस आली आहे की संकेतस्थळाच्या स्वतःच्या जुळणी यंत्रणेने कारवाई केली आहे. अमेरिकी कायद्याखालील नोटीस असेल, तर प्रतिनोटीस, म्हणजे मजकूर चुकीने हटवला गेला असे कळवणारी उलट नोटीस, देता येते. मालकाने दावा दाखल केला नाही, तर सामान्यतः १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत येतो. भारतात तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर मजकूर पुन्हा खुला करता येतो. जुळणी यंत्रणेची गोष्ट वेगळी आहे. तेथे तुमच्यात आणि संकेतस्थळात करार लागू असतो आणि कायद्यातील मुभा त्या कराराला आपोआप बांधत नाही. ही उणीव काही ठिकाणी भरून काढली गेली आहे: युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार मोठ्या संकेतस्थळांवर अवतरण, टीका आणि विडंबन यांसाठीचा वापर वापरकर्त्यांना करता आला पाहिजे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

तिघांचेही आभार. नोटीस अमेरिकी कायद्याखालीच आहे, हे आता तपासले. प्रत्येक तुकडा कोणत्या सेकंदाला सुरू होतो, कोठे संपतो आणि त्याच्यावरील विवेचन किती वेळ चालते, हे लिहून मी प्रतिनोटीस देणार आहे. तिच्यात माझे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक द्यावा लागतो, शिवाय न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य करावे लागते, हे वाचून थोडा थांबलो होतो. मुभा सर्वांना असली, तरी एवढे उघडे पडण्याची तयारी किती जणांची असेल, हा प्रश्न मात्र मनात राहिला आहे.