मदत हवी आहे: एडीएचडीच्या गोळीने भूक मेली, उंचीचं काय?

मुलगा ९ वर्षांचा, आम्ही नागपूरचे. एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) ५ महिन्यांपासून मिथाइलफेनिडेटची गोळी १० मिग्रॅ, सकाळी. वर्गात बसतो, वही पूर्ण होते. हा फरक आमच्यासाठी फार मोठा आहे, म्हणून गोळी सोडायची नाही. पण डब्यातली पोळी जशीच्या तशी परत येते. वजन २६ वरून २४.५ किलो. दाराच्या चौकटीवरची उंचीची पेन्सिलखूण ३ महिने हललेली नाही.

थायरॉइड, हिमोग्लोबिन ठीक. गोळीआधी भरपेट नाश्ता, रात्री तूप-पोळी, दूध सगळं करून पाहिलं. थेरपी सुरूच आहे.

डॉक्टर म्हणतात, उन्हाळ्याच्या सुट्टीत गोळी थांबवून बघू. आपल्या विदर्भात शाळा जूनअखेरच उघडतात, म्हणजे जवळपास दोन महिने मिळतील. ज्यांनी असं केलं, त्यांच्या मुलांचं वजन, उंची तेवढ्यात सावरली का, आणि नंतर तोच डोस पुन्हा लागू पडला का?