२००४ ची ऑक्टेव्हिया आरएस ट्रॅक डेसाठी: पैसे आधी कुठं घालावेत?

तेरणाकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. गाडी २००४ ची ऑक्टेव्हिया आरएस, १.८ टर्बो पेट्रोल, १५० पीएस (हॉर्सपॉवर), १,१८,००० किमी. इंजिन उघडलेलं नाही, रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) नाही. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचा कागद मागच्या मालकाकडं नाही. पुढं २८८ मिमीच्या डिस्क, मागंही डिस्क, चाकं १६ इंची, टायर २०५/५५.

दिवाळीनंतर तळेगावजवळच्या नानोलीला ट्रॅक डे (रेस ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायचा दिवस) करायचा आहे, जमलं तर पुढं चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टैला. ट्रेलर नाही. गाडी चालवतच न्यायची आणि चालवतच घरी आणायची. बजेट दीड लाखाच्या आत. गॅरेजवाले म्हणायलेत की आधी रिमॅप आणि इनटेक करा, १८५-१९० पीएस सहज होतील. मला तो क्रम पटेना. तुम्ही काय आधी कराल? आणि आता सगळीकडं ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल आहे, त्याचं या जुन्या गाडीवर काय होतं?

शेंद्रा_१८टी (छत्रपती संभाजीनगर)

तुम्हाला पटेना ते बरोबरच आहे. रिमॅप शेवटी. रस्त्यावर फुल थ्रॉटल चार-पाच सेकंद लागतो, ट्रॅकवर पंधरा-वीस मिनिटं तेच चालू असतं. वीस वर्षांच्या गाडीत ताकद कमी पडत नाही, उष्णता बाहेर जात नाही.

टायमिंग बेल्टचा कागद नाही म्हणजे बेल्ट बदललेला नाही असंच धरा. हे इंजिन इंटरफिअरन्स आहे, बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. नुसता बेल्ट घालू नका. हायड्रॉलिक टेन्शनर, रोलर, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट एकाच वेळी बदला. पंप त्याच बेल्टवर फिरतो, म्हणून मजुरी एकदाच लागते. मूळ पंपाचं इम्पेलर प्लॅस्टिकचं असतं. ते कडक होऊन तडकतं किंवा शाफ्टवर सैल होऊन नुसतं फिरतं. धातूचं इम्पेलर असलेलाच पंप मागा.

नंतर ऑइल सम्प (इंजिनाखालची तेलाची परात) खाली घ्या. तळाशी पिकअपची (तेल ओढणाऱ्या नळीची) जाळी असते, ती काळ्या काजळीनं भरली की लांब वळणात पंपाला तेल पुरत नाही. जाळी नवीन टाका. सम्पला गॅस्केट नाही, सीलंट लागतं. त्याची रेघ बारीक ठेवा. जास्त लावलं तर आत सुटलेले तुकडे त्याच नव्या जाळीत जाऊन बसतात. तेल ५डब्ल्यू-४०, पूर्ण सिंथेटिक, डब्यावर फोक्सवॅगनचं ५०२.०० मानक लिहिलेलं हवं. फिल्टरसकट साधारण साडेचार लिटर लागतं. ट्रॅकवर पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेवर ठेवा, तिच्या वर नको. सम्प बसवल्यावर प्रेशर स्विचच्या जागी मेकॅनिकल गेज लावून मोजा. तेल गरम असताना २००० आरपीएमला २ बारसुद्धा येत नसतील तर ट्रॅक विसरा, आधी कारण शोधा.

कूलंट गुलाबी जी-१२ जातीचं आणि डिस्टिल्ड वॉटर, निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी अजिबात नको, आपल्याकडच्या जड पाण्याचा क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. आत हिरवं किंवा निळं भरलेलं असेल तर पूर्ण फ्लश केल्याशिवाय गुलाबी ओतू नका, मिसळून तपकिरी गाळ होतो. हेडच्या कडेचा प्लॅस्टिकचा कूलंट फ्लँज आणि त्याचा ओ-रिंग आत्ताच बदला, तो फुटण्याची वाट पाहू नका.

आणखी एक. डॅशबोर्डचा काटा ९० वर स्थिर दिसतो म्हणून निश्चिंत राहू नका. तो काटा मुद्दाम तसा ठेवलेला आहे, खरं तापमान बरंच वरखाली झालं तरी हलत नाही. ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून कूलंटचा आकडा बघा. १०५ च्या पुढं चढत गेला तर दोन लॅप सावकाश मारा आणि पिटमध्ये या. रेडिएटर फॅनचे दोन्ही वेग चालतात का तेही तपासा. पहिल्या वेगाचा रेझिस्टर जळतो आणि एसी लावल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही.

गोदाकाठचा_अपेक्स (नांदेड)

वरच्याशी सहमत. मी ब्रेकबद्दल लिहितो, कारण गाडी चालवत घरी आणायची आहे.

ड्रायव्हरसकट १४०० किलोची गाडी १४० वरून ७० वर आणली की जवळपास ८ लाख ज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते, आणि पुढचं वळण काही सेकंदांवर असतं. साधी पॅड दोन-तीन लॅपमध्ये फेड होतात (तापून पकड सोडतात). पण त्याहून वाईट म्हणजे जुनं ब्रेक फ्लुइड. ते हवेतली ओल ओढून घेतं. डॉट-४ चा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश आणि ओलावलेलं असताना १५५, हे मानकातलेच आकडे. उकळलं की वाफ होते आणि पेडल तळाला जातं. डॉट-५.१ घाला, किंवा कोरडा उत्कलनबिंदू ३०० च्या वर असलेलं रेसिंगचं डॉट-४. डॉट-५ नको, ते सिलिकॉनचं असतं. सीलबंद एक लिटर लागेल. मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं असा ब्लीडचा (जुनं फ्लुइड आणि हवा बाहेर काढायचा) क्रम ठेवा. क्लच याच टाकीवर चालतो, त्याचाही निपल ब्लीड करा.

रबरी ब्रेक होज मूळचे असतील तर चारही बदला. कॅलिपरच्या गाइड पिन काढून स्वच्छ करा, ब्रेकचंच ग्रीस लावा, २८ एनएमला (न्यूटन-मीटर, आवळण्याचा जोर) आवळा. मागचा पिस्टन सी-क्लॅम्पनं दाबू नका, तो फिरवत आत न्यायचा असतो. दाबला तर हँडब्रेकची यंत्रणा मोडते. पुढच्या डिस्कची जाडी मोजा. नवी २५ मिमी असते, २३ ला आली की संपली.

पॅड मध्यम तापमानाची घ्या, रस्ता आणि ट्रॅक दोन्हीकडं चालणारी. निव्वळ रेसिंगची पॅड थंडीत सकाळी पहिल्या सिग्नलला धरत नाहीत.

टायरच्या बाजूवरचा चार अंकी आकडा वाचा. ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. सहा वर्षांच्या पुढचे टायर नक्षी कितीही शिल्लक असली तरी नकोत. थंड असताना २९-३० पीएसआयनं सुरुवात करा, सेशन संपल्यावर लगेच मोजा आणि ३५ च्या आसपास आणा. पुढं मॅकफर्सन स्ट्रट आहे, कॅम्बर (चाकाचा आतल्या बाजूचा कल) कमी असतो, म्हणून बाहेरची कड आधी जाते. लोअर आर्मचे मागचे बुश (रबरी सांधे) फाटलेले असतील तर ते आधी बदला. सैल बुशवर केलेलं अलाइनमेंट टिकत नाही.

तेरणाकाठ (लातूर)

दोघांचेही मनापासून आभार. पुढं ३१२ मिमीची डिस्क बसते असं ऐकलंय. करावं का? आणि ई-२० चं राहिलं.

गोदाकाठचा_अपेक्स (नांदेड)

बसते. ही गाडी गोल्फच्या चौथ्या पिढीच्या आणि पहिल्या ऑडी टीटीच्या प्लॅटफॉर्मवर आहे. २८८ चा कॅलिपर तोच राहतो, ३१२ ची डिस्क आणि मोठे कॅरिअर (कॅलिपर धरणारे ब्रॅकेट) लागतात. कॅरिअरचे बोल्ट नवीन, १२५ एनएम. मागची पातळ पत्र्याची ढाल थोडी वाकवावी लागते. काही १६ इंची अलॉयमध्ये कॅलिपर घासतो, म्हणून आधी चाक लावून हातानं फिरवून बघा. पण पहिल्या वर्षी फ्लुइड, पॅड आणि होज एवढंच पुरे. ३१२ चे पैसे टायरमध्ये घाला.

बालाघाट_टर्बो (बीड)

ई-२० बद्दल. ही गाडी बनली तेव्हा एवढ्या इथेनॉलचा हिशेब नव्हता. पहिला धोका रबराचा. बॉनेटखालचे इंधनाचे जुने होज आतून फुगतात, बाहेरून तडकतात, आणि बाजूला तापलेला टर्बो आहे. एसएई जे-३० आर-९ दर्जाचे होज आणि इंजेक्शनवाल्या गुळगुळीत कडांच्या क्लिपा वापरा. साध्या वर्म क्लिपा होज कापतात. टाकीतला जुना चिकटा इथेनॉलनं सुटतो, म्हणून फ्युएल फिल्टर आत्ता एकदा आणि दोन-तीन हजार किमीनंतर पुन्हा बदला.

दुसरं मिश्रण. ई-२० ला त्याच हवेसाठी जास्त इंधन लागतं, त्यामुळं ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) फ्युएल ट्रिम, म्हणजे इंधनाची दुरुस्ती, वाढवतो. व्हीसीडीएसमध्ये (फोक्सवॅगन गटाच्या गाड्या तपासायचं सॉफ्टवेअर) ब्लॉक ०३२ चा दुसरा आकडा बघा. ६-८ टक्के प्लस असणं साहजिक आहे. १० च्या पुढं असेल तर दोष नुसत्या पेट्रोलचा नाही. इनटेक मॅनिफोल्डखालच्या पीसीव्ही (इंजिनातली वाफ परत ओढणाऱ्या) नळ्या, डायव्हर्टर व्हॉल्व्हचा (टर्बोचा जादा दाब वळवणारा) फाटलेला पडदा, थकलेला एमएएफ (आत येणारी हवा मोजणारा) सेन्सर, या क्रमानं शोधा. धुराची चाचणी करून घ्या, गळती दिसते. एमएएफचा सर्वाधिक आकडा ग्रॅम प्रतिसेकंदात वाचून ०.८ नं भागा, साधारण ताकद कळते. १५० पीएसला १२० च्या आसपास यायला हवा.

प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारा), गॅप ०.७ मिमी, ३० एनएम. इग्निशन कॉइलचा एक जादा नग डिकीत ठेवा, या इंजिनाची ती ठरलेली खोड आहे. मग तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये फुल थ्रॉटलला ब्लॉक ०२० बघा. तिथं प्रत्येक सिलिंडरला ठिणगीचं टायमिंग किती मागं ओढलं ते दिसतं. एप्रिल-मेच्या उन्हात स्टॉक मॅपवरच ६ अंशांच्या पुढं जात असेल तर इंटरकूलर (टर्बोतली गरम हवा थंड करणारा) आधी. त्या गाडीवर रिमॅप केला तर नुसतं नॉक (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) वाढेल. उघडं कोन फिल्टरही नको. बॉनेटखालची गरम हवा आणि आपली बारीक काळी धूळ, दोन्ही आत जातात. कंपनीच्या डब्यात नवीन कागदी फिल्टर पुरेसं आहे.

शेंद्रा_१८टी (छत्रपती संभाजीनगर)

दोन गोष्टी राहिल्या. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका, लांब वळणात पेट्रोल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. सेशन संपल्यावर एक लॅप ब्रेक न लावता सावकाश मारा, इंजिन मिनिटभर चालू ठेवून बंद करा. हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडी ठोकळा लावा. तापलेल्या डिस्कवर पॅड चिकटून राहिलं की त्याचा थर एकाच जागी बसतो आणि नंतर पेडल थरथरतं.

तेरणाकाठ (लातूर)

नवीन पॅड ट्रॅकवरच बेड करायचे (डिस्कवर बसवून घ्यायचे) का?

गोदाकाठचा_अपेक्स (नांदेड)

नाही, निघण्याआधी. पहाटे रिकाम्या सरळ रस्त्यावर, मागं कुणी नाही बघून, ८० वरून ३० पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम दाबानं, पूर्ण न थांबता. मग दहा किलोमीटर ब्रेक फारसा न लावता चालवून थंड होऊ द्या. घरी आल्यावर चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचनं १२० एनएमला तपासा, आणि ट्रॅकवर प्रत्येक सेशननंतर चाकं निवल्यावर पुन्हा.