मिश्र ऑलिव्ह तेलाच्या बाटलीवर देशनिहाय टक्केवारी हवी की नको?

तेलशोधक (धागाकर्ता)
युरोपीय संघात एक्स्ट्रा व्हर्जिन (सर्वोच्च दर्जाच्या) ऑलिव्ह तेलावर मूळ देश लिहिणं २००९ पासून सक्तीचं आहे. एका देशाचं तेल असेल तर त्या देशाचं नाव येतं. मिश्रण असेल तर 'संघातल्या तेलांचं', 'संघाबाहेरच्या तेलांचं' किंवा 'दोन्हींचं मिश्रण' एवढं लिहिलं की भागतं. या शेवटच्या वाक्याच्या आड ट्युनिशियाचं तेल ५ टक्के आहे की ९५, ते गिऱ्हाइकाला कळायचा मार्ग नाही. मात्र ऑलिव्ह तेल दुसऱ्या वनस्पती तेलात मिसळलं आणि ऑलिव्हचं नाव किंवा चित्र ठळक केलं, तर टक्केवारी छापावीच लागते. मग देशांच्या बाबतीत ही सूट का?

'मिश्रणात काय आहे ते प्रयोगशाळा बघून घेईल' हे नेहमीचं उत्तर मला पटत नाही. मिश्रणातलं प्रत्येक स्निग्धाम्ल दोन तेलांच्या भारित सरासरीवर येऊन थांबतं. स्पेनच्या पिक्वाल वाणात ऑलिक आम्ल (ऑलिव्ह तेलातलं मुख्य स्निग्धाम्ल) ८० टक्क्यांच्या आसपास असतं, ट्युनिशियाच्या शेमलाली वाणात बऱ्याचदा ६० च्या खाली. निम्मं-निम्मं मिसळा, ६९-७० मिळेल. कातालोनियातल्या निव्वळ अर्बेकिना वाणाचा आकडाही त्याच पट्ट्यात असतो. हा आकडा मिश्रणाचा की एका वाणाचा, हे त्या आकड्यावरून सांगता येणार नाही.

क्रोमॅटोग्राफर
असहमत. स्निग्धाम्लांच्या एकाच आकड्यावर कुठलाही विश्लेषक निकाल देत नाही. तुम्ही ट्रायग्लिसराइड, म्हणजे तीन स्निग्धाम्लं जोडलेले तेलाचे रेणू, विसरलात. दोन तेलं मिसळली तरी त्यांचे रेणू सुटे होऊन पुन्हा जुळत नाहीत, प्रत्येक रेणू आपापल्या तीन आम्लांसह तसाच राहतो. त्यामुळे सरासरी स्निग्धाम्लं सारखी असूनही मिश्रणाचा ट्रायग्लिसराइड आलेख एका वाणाच्या तेलापेक्षा वेगळा दिसू शकतो. ईसीएन-४२ (ठरावीक गटातल्या ट्रायग्लिसराइडचं प्रमाण तपासणारी) ही चाचणी याच तत्त्वावर उभी आहे. स्निग्धाम्लांवरून काढलेला अपेक्षित आकडा आणि प्रत्यक्ष मोजलेला आकडा यांत ०.२ पेक्षा जास्त फरक चालत नाही.

शिवाय समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू) आहेत. ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या जड समस्थानिकांचं प्रमाण झाडाने घेतलेलं पाणी, समुद्रापासूनचं अंतर, उंची आणि हवेतला कोरडेपणा यांवर ठरतं. सेस्क्विटर्पीन हायड्रोकार्बनांचा (तेलातल्या उडनशील संयुगांचा) ठसाही आहे, तोही वाण आणि प्रदेशाप्रमाणे बदलतो. २०१६ मध्ये बोलोन्या विद्यापीठाच्या समन्वयाखाली सुरू झालेल्या 'ओलियम' या युरोपीय प्रकल्पात याच दिशेने काम झालं.

तेलशोधक
ट्रायग्लिसराइडचा मुद्दा बिनतोड आहे. पण ईसीएन-४२ लिनोलिक आम्लाने (दुसऱ्या एका स्निग्धाम्लाने) भरलेलं बियांचं तेल पकडण्यासाठी आहे. दोन ऑलिव्ह तेलांत तेवढी तफावत सहसा पडत नाही, त्यामुळे मिश्रण ०.२ च्या आतच राहतं.

समस्थानिकांची अडचण याहून मोठी आहे. उत्तर ट्युनिशिया आणि सिसिली यांच्यामध्ये समुद्राचा अरुंद पट्टा आहे, हवामान जवळपास सारखं, म्हणून आकडे एकमेकांत घुसतात. पाऊस दर वर्षी वेगळा, म्हणून संदर्भ नमुने दर हंगामात नव्याने गोळा करावे लागतात. आणि समस्थानिकही शेवटी सरासरीच देतात: उष्ण, कोरड्या किनाऱ्याचं तेल थंड डोंगराळ भागातल्या तेलात मिसळलं की आकडा मधल्याच एखाद्या प्रदेशाचा वाटू लागतो.

सेस्क्विटर्पीनचा ठसा मलाही आश्वासक वाटतो. पण 'लेबलवर लिहिलेल्या देशाशी हा नमुना जुळतो का?' या प्रश्नाचं उत्तर तो देतो. 'यात कोणते देश आहेत आणि किती?' हा प्रश्न निराळा आहे. सहा-सात संभाव्य मूळ प्रदेश, प्रत्येकात अनेक वाण, प्रत्येकाचा स्वतःचा पसारा. एकाच मोजमापाला बसणारी असंख्य मिश्रणं निघतात.

रेणूवाचक
डीएनएचं काय? वाण ओळखला की देशही कळेल ना?

क्रोमॅटोग्राफर
नाही कळणार. तेलात डीएनए फार थोडा उतरतो आणि तोही तुटलेला असतो. मिळाला तरी तो वाण सांगेल. अर्बेकिना स्पेनमध्ये आहे, अर्जेंटिनात आहे, कॅलिफोर्नियातही आहे.

सीमारेषा
टक्केवारीच्या आधी या आकड्यांच्या मर्यादांवर बोलायला हवं. एक्स्ट्रा व्हर्जिनसाठी मुक्त आम्लता ०.८ टक्के, पेरॉक्साइड मूल्य (तेल किती ऑक्सिडाइज झालंय त्याचं माप) २०, के-२७० साठी (अतिनील प्रकाश किती शोषला जातो, हे माप तेल जुनं होताना वाढतं) ०.२२. या गुणवत्तेच्या मर्यादा, त्या ठीक आहेत. पण शुद्धतेच्या मर्यादांचा फटका अस्सल तेलालाही बसतो. कँपेस्टेरॉल या वनस्पती स्टेरॉलची मर्यादा एकूण स्टेरॉलच्या ४ टक्के आहे. स्पेनमधल्या तोलेदो आणि सिउदाद रेआलच्या भागातल्या कोर्निकाब्रा वाणाच्या निखळ तेलात तो कधी कधी त्याच्या वर जातो. अर्जेंटिनात कातामार्कासारख्या उष्ण भागात फळ भरताना तापमान चढं राहतं आणि अर्बेकिनाचं ऑलिक आम्ल किमान मर्यादेखाली घसरू शकतं. भेसळ शून्य, तरी कागदावर तेल संशयित! आंतरराष्ट्रीय ऑलिव्ह परिषदेने कँपेस्टेरॉल ४ ते ४.५ असेल तर इतर स्टेरॉल पाहून निर्णय घ्यायची सोय केली, ती याचमुळे.

अशा उत्पादकाला मिश्रण हाच रस्ता उरतो. कँपेस्टेरॉल ४.२ असलेलं तेल ३.० वाल्यात निम्मं मिसळलं, दोन्हींतले एकूण स्टेरॉल सारखे असले, तर ३.६ येतं आणि तेल पास होतं. म्हणून 'मिश्रण' शब्द दिसला की नाक मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही.

तेलशोधक
मिश्रणाला माझा विरोध नाहीच, त्यातलं प्रमाण लपवण्याला आहे. तुमच्याच हिशोबाची दुसरी बाजू बघा. के-२७० ०.२४ असलेलं, जुनं होत चाललेलं व्हर्जिन (एक पायरी खालच्या दर्जाचं) तेल ०.१४ च्या ताज्या तेलात निम्मं मिसळा. आकडा ०.१९ येतो आणि बाटली त्या कसोटीवर एक्स्ट्रा व्हर्जिन ठरते. एका हंगामाचा थकवा दुसऱ्याच्या ताजेपणाखाली झाकला जातो.

चवपारखी
इथे तुम्ही चवीच्या पॅनेलला विसरताय. एक्स्ट्रा व्हर्जिनसाठी दोषांची मध्यका (पारख्यांनी दोषाला दिलेल्या गुणांतला मधला आकडा) शून्य असावी लागते. प्रशिक्षित पारखी खवट वास आकड्यांच्या आधी पकडतात, आणि तेवढ्यावर बाटलीचा दर्जा उतरतो. तसंही ऑस्ट्रेलियाने २०११ च्या मानकात पायरोफिओफायटिन (हरितद्रव्य झिजून होणारं, तेल जुनं होताना वाढणारं) १७ टक्क्यांपर्यंत आणि १,२-डायग्लिसराइड (ताज्या तेलात जास्त, पुढे घटणारं) किमान ३५ टक्के अशा मर्यादा घातल्या. ताजेपणा मोजायचा तर ती दिशा बरी.

मला टक्केवारीची सक्ती नकोच आहे. मिश्रण करणारा दर खेपेला नव्या तेलातून तीच चव जमवतो: कोरातिना वाणाचा कडवटपणा कमी पडला तर दुसरीकडून आणतो, तिखटपणा वाढला तर सौम्य तेल घालतो. प्रमाण सतत हलतं. छापील आकड्याशी बांधलं तर तो चवीऐवजी आकडा सांभाळत बसेल.

नोंदवही
त्यावर उपाय आहे, पट्टा छापा: '४० ते ६० टक्के स्पेन'. तपासणी प्रयोगशाळेने करायची गरजच नाही. इटलीत तेलाची आवक, मिश्रण, जावक हे सगळं राष्ट्रीय इलेक्ट्रॉनिक नोंदवहीत भरावं लागतं. जी माहिती सरकारजमा होते तीच बाटलीवर आली तर काय बिघडतं? यंत्राने नोंद खोटी आहे का तेवढं सांगावं, बस.

क्रोमॅटोग्राफर
हे काही प्रमाणात मान्य. पण 'नोंद खोटी आहे का' हे सांगायलाही यंत्र लागतंच, आणि तिथे मी ठाम आहे. तेल फक्त क्रीटचं म्हणून विकलं आणि सेस्क्विटर्पीन तिथल्या कोरोनेइकी वाणाच्या पट्ट्याबाहेर गेले, तर माल थांबवून चौकशी करायला तेवढं पुरेसं आहे. '४० ते ६०' ऐवजी ३० होतं, हे मात्र मी न्यायालयात सिद्ध करू शकणार नाही. मग ज्या आकड्याचं उल्लंघन सिद्ध होत नाही तो कायद्याने छापायला लावायचा का?

तेलशोधक
लावायचा. तुमचं यंत्र आज ते सिद्ध करू शकत नाही, पण टाकीची पावती आणि जहाजाची कागदपत्रं करू शकतात. याला नमुनाही आहे: हंगामाचं वर्ष बाटलीवर छापायचं तर आतलं सगळं तेल त्याच हंगामाचं असावं लागतं. तेही आधी नोंदींवरूनच तपासलं जातं आणि त्यावर कुणी हरकत घेत नाही.

चवपारखी
हंगामाचं वर्ष छापणं सहसा ऐच्छिक आहे, म्हणून हरकत नाही. तेच सक्तीचं करून पाहा, मोठ्या मिश्रकांच्या किती बाटल्यांवर ते टिकेल ते मोजा, मग टक्केवारीचं बोलू.