झायफेन: कथलाच्या खाणींचे गाव खेळण्यांचे कसे झाले?

नकाशावेडा (प्रश्न)
जर्मनीतील सॅक्सनी राज्याच्या दक्षिण टोकाला, चेक सीमेला जवळजवळ खेटून, एर्ट्‌सगेबिर्ग पर्वतरांगेत झायफेन नावाचे जेमतेम दोन हजार वस्तीचे गाव आहे. लाकडी खेळण्यांसाठी ते प्रसिद्ध आहे. परंतु जुन्या इतिहासात त्याचा उल्लेख कथलाच्या खाणींसंदर्भात येतो. १८४९ मध्ये तेथील खाणकाम थांबले. खाणी बंद पडल्या म्हणून लोक खेळण्यांकडे वळले, असे सरळ समीकरण मांडता येईल का? आणि एवढ्या आडवळणाच्या गावी हा व्यवसाय टिकला कसा?

दगडमाती
समीकरण सोपे आहे, पण त्यातला क्रम चुकतो. १८४९ च्या कितीतरी आधीपासून येथे कातारकाम, म्हणजे फिरत्या लाकडाला हत्यार लावून त्याला आकार देण्याचे काम, चालू होते. खाणकाम सतराव्या शतकापासूनच डळमळीत होऊ लागले होते आणि जोडधंदा म्हणून खाणकामगार लाकडी ताटल्या, वाट्या, बटणे कातत असत. खेळणी त्यानंतर आली.

मुळात गावाचे नावच व्यवसायाचे आहे. ओढ्यातील वाळू-गाळ वाहत्या पाण्यात धुऊन जड कथील-खनिज वेगळे करण्याच्या जागेला जर्मनीत ‘झायफे’ म्हणत; साबणासाठीही तोच शब्द असल्यामुळे पुष्कळांचा गैरसमज होतो. १३२४ च्या नोंदीत हे नाव प्रथम आढळते. पुढे ओढ्यातले खनिज पुरेनासे झाले, तेव्हा लोक खडकात शिरले. त्या खोदकामाने जमीन खचून झालेले मोठे खड्डे आजही गावात दिसतात.

आता भूगोल पाहा. ही पर्वतरांग बोहेमियाच्या, म्हणजे आजच्या चेक, बाजूला कड्यासारखी तुटलेली आणि सॅक्सनीच्या बाजूला हळूहळू उतरत जाणारी आहे. झायफेन सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर वसलेले असून शेजारचा श्वार्टेनबर्ग डोंगर ७८९ मीटर उंच आहे. लांबलचक हिवाळा आणि हलकी जमीन यांमुळे केवळ शेतीवर पोट भरणे अवघड होते. उलट, स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचे जंगल आणि उतारावरून धावणारे ओढे मात्र हाताशी होते. खनिज कुटण्याची यंत्रे ज्या पाण्यावर चालत, तेच पाणी पुढे लेथ (लाकूड फिरवून कातण्याचे यंत्र) फिरवू लागले. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर येथे आहे: खाण गेली, तरी पाण्याची शक्ती आणि ती वापरण्याचे कसब गावातच राहिले.

कातारी
वरील उत्तरात एक भर घालतो, कारण या गावाची खरी खासियत ‘कडे-कातणी’ आहे आणि तिचे तंत्र वाचून समजायला थोडे अवघड जाते. स्प्रूसच्या ओंडक्याची ओली चकती लेथवर बसवून कातारी तिच्या दोन्ही बाजूंनी खोबणी कोरत जातो. तयार होते ते एक कडे. ते उभे चिरले की कापाच्या तोंडावर गाय, घोडा किंवा हत्ती यांची बाजूने दिसणारी आकृती प्रकटते. काम चालू असताना ही आकृती दिसत नाही. ती कारागिराच्या डोक्यात असावी लागते. हे काम मातीच्या चाकावरील कुंभारापेक्षाही आंधळे आहे, असे मला वाटते! मग कड्याच्या पाचरीसारख्या पातळ फाका पाडून प्रत्येकीला चाकूने गोलाई देतात. लाकडाचे तंतू प्राण्याच्या पायांच्या दिशेनेच जातात, त्यामुळे बारीक पायही सहजी मोडत नाहीत.

एका कड्यातून डझनावारी प्राणी निघत असल्यामुळे वस्तू स्वस्त पडे. हे कौतुकाचे असले, तरी त्याची दुसरी बाजू विसरू नये: व्यापारी भाव पाडत आणि घराघरांत मुलांसकट सारे कुटुंब रंगकामाला जुंपलेले असे.

नकाशावेडा
मनःपूर्वक आभार. नावाचा अर्थ मीही साबणाशीच जोडला होता. मग खाणकामगारांची काही खूण खेळण्यांत उरली आहे का?

दगडमाती
भरपूर! नाताळात तेथील खिडक्यांत मेणबत्त्या धरलेला लाकडी खाणकामगार आणि देवदूत अशी जोडी उभी करतात. परंपरेने घरातल्या प्रत्येक मुलासाठी एक खाणकामगार आणि प्रत्येक मुलीसाठी एक देवदूत. गावातील अष्टकोनी चर्च १७७९ मध्ये पूर्ण झाले, तेव्हा खाणी अजून चालू होत्या. आता त्याच चर्चच्या लहान प्रतिकृती, पुढे गाणारी मुले उभी करून, गावातल्या कार्यशाळांत बनतात.