व्हॅलहाइम हा व्हिडिओ गेम नव्यानं सुरू करणाऱ्यांना काय सांगाल?

रानभूल
भाच्याचा आत्ता मेसेज आला: "मामा, झाड तोडलं, ते माझ्याच डोक्यावर पडलं, मेलो." २ फेब्रुवारी २०२१ ला खेळ आला तेव्हा निम्म्या लोकांचं पहिलं मरण हेच होतं, ते आठवलं. म्हणून धागा. ज्यांचा हात बसलाय त्यांनी लिहा. पराक्रम नकोत, नेमकं सांगा: काय, किती, कुठे चुकतं.

झाडापासूनच सुरू करतो. ज्या बाजूनं घाव घालता त्याच्या पलीकडे झाड पडतं. उतारावर असाल तर चढाच्या बाजूला उभे राहा, खोड खाली गडगडत जाईल. पडताना शेजारच्या झाडाला धडकलं तर तेही येतं, आणि ते कुठे पडेल याचा भरवसा नाही. आडव्या ओंडक्याचे आधी दोन तुकडे होतात, मग त्या तुकड्यांचं लाकूड. शेजारी उभ्या असलेल्या मित्रालाही लागतं. झाडाला आपला-परका कळत नाही.

चिंचपेटी
कुऱ्हाड ५ लाकूड, ४ दगड. हातोडा ३ लाकूड, २ दगड. दोन्ही हातानंच बनतात, बेंच लागत नाही. सुरुवातीचं लाकूड जमिनीवरच्या फांद्या वेचूनच भागतं.

मग १० लाकडांचं वर्कबेंच. इथे सगळे अडकतात. "छप्पर हवं" असा मेसेज येतो आणि माणूस वैतागतो. छप्पर लागतं ते बेंचवर वस्तू बनवायला. हातोड्यानं भिंती, फरशी, दार बांधायला नुसतं उघड्यावरचं बेंचही चालतं, २० मीटरच्या आत असलं की झालं. म्हणजे जंगलात कुठेही १० लाकडं खर्च करून बेंच रोवा, चार भिंती उभ्या करा, निघताना बेंच मोडा. हातोड्यानं मोडलं की लाकूड परत मिळतं.

दुरुस्ती फुकट आहे हो! बेंचच्या खिडकीत डावीकडे हातोड्याचं बटण असतं, एका क्लिकला एक वस्तू. तुटकी कुऱ्हाड फेकून नवी करणारे मी पाहिलेत.

पावणेआठ
फोनवर चालतो का हा?

चिंचपेटी
नाही. पीसी, एक्सबॉक्स असं काहीतरी लागतं.

पावणेआठ
मग माझा विषय संपला. वाचत बसतो

घाटवाट
आता धूर. आग लाकडी फरशीवर बसतच नाही, जमिनीवर लागते. म्हणून फरशीची एक फळी काढून खाली माती उघडी ठेवा, तिथे कॅम्पफायर (५ दगड, २ लाकूड). चारी बाजूंनी बंद घरात धूर छताला साठतो, मग खाली उतरतो आणि झोपेतच आरोग्य कमी व्हायला लागतं. उपाय: कौलारू घरासारखी दोन उतारांची छपरं करा, कण्यावर एक खण उघडा ठेवा आणि त्या भोकावर थोड्या उंचीवर एक छप्पर अधांतरी बसवा. धूर बाजूनं निघतो, पाऊस आत येत नाही. पाऊस आला तर आग विझते, त्यामुळे नुसतं भोक ठेवूनही चालत नाही.

अर्धी_भाकरी
आजीच्या चुलीला हीच युक्ती होती, तिला लेव्हल अप काही मिळालं नाही बिचारीला 😄

घाटवाट
😂 आजीचा कम्फर्ट लेव्हल (घर किती आरामशीर, याचा आकडा) किती असेल बघा

झोपमोड
कम्फर्टचं निघालंच आहे तर तो नीट सांगते, कारण नवे लोक मारामारीतच गुंग असतात आणि हे सुटतं. छताखाली आगीजवळ वीसेक सेकंद बसलं की 'रेस्टेड' (विश्रांतीचा फायदा) मिळतो. त्यानं दम (स्टॅमिना) दुप्पट वेगानं भरतो, आरोग्य ५० टक्के वेगानं भरतं, आणि कौशल्यंही लवकर वाढतात. किती वेळ टिकतो ते कम्फर्टवर: कम्फर्ट १ ला ८ मिनिटं, पुढे प्रत्येक पॉइंटला एक मिनिट. पलंग, खुर्ची, हरणाच्या कातड्याचा गालिचा, सगळे मोजले जातात, पण १० मीटरच्या आत ठेवा. दोन खुर्च्यांचा दुप्पट फायदा होत नाही, एका प्रकारची एकच धरतात.

कुकर लावलाय, जेवणाबद्दल नंतर लिहिते

अर्धी_भाकरी
जेवणाबद्दल मी लिहितो, तुम्ही शिट्ट्या मोजा.

उपाशीपोटी आरोग्य २५ आणि दम ५०. म्हणजे एका फटक्यात खेळ खलास. पोटात तीन जागा असतात आणि तिन्हींत वेगवेगळा पदार्थ लागतो, एकच मांस तीनदा खाता येत नाही. सुरुवातीला भाजलेलं रानडुकराचं मांस, भाजलेलं हरणाचं मांस आणि तिसरं रासबेरी किंवा मध. मांस आरोग्यासाठी, बेरी दमासाठी. चिन्ह लुकलुकायला लागलं की तोच पदार्थ पुन्हा खाता येतो. परिणाम हळूहळू ओसरतो, त्यामुळे लढाईच्या आधी ताजं खा.

मांस भाजायला साधारण २५ सेकंद. विसरलात तर कोळसा. पण तो फेकू नका! पुढे भट्टीला (फोर्ज) ४ कोळसे लागतात, करपलेल्या चार तुकड्यांत काम होतं.

मध: कुरणातल्या पडक्या घरांत पोळं असतं. दुरून बाण मारून पाडा, राणीमाशी मिळते. १० लाकूड आणि एक राणी मिळून पेटी होते, तिच्यात जास्तीत जास्त ४ मध साठतो. भिंतीला चिकटवून ठेवलीत तर मध लागत नाही, मोकळी जागा हवी.

झोपमोड
तीन शिट्ट्या झाल्या, आले. मधाबद्दल +१. आणि पलंगाला छप्पर आणि जवळ आग, दोन्ही लागतात. एकत्र खेळत असाल तर रात्र ढकलायला सगळ्यांनी पलंगावर जावं लागतं. एकजण गुहेत असेल तर बाकीचे जागेच.

उकडीचा_मोदक
आमच्याकडे कालपासून लाइट नाही, इन्व्हर्टरवर वाचतोय. सर्व्हरबद्दल कुणीतरी लिहा, मित्र मित्र मिळून सुरू करायचा आहे.

घाटवाट
एका जगात १० जण. दोन मार्ग. एकाच्या पीसीवर जग असेल तर तो बसला तरच सगळ्यांना खेळता येतं, त्यानं लॅपटॉप मिटला की सगळे बाहेर. दुसरा, डेडिकेटेड सर्व्हर, तो स्टीमवर टूल्समध्ये वेगळा फुकट मिळतो, जुन्या पीसीवर चालू ठेवता येतो. पासवर्ड किमान ५ अक्षरांचा.

पात्र आणि जग या दोन वेगळ्या फाइल्स आहेत. पात्र आपल्या पोटलीसकट कुठल्याही जगात जातं. म्हणजे दुसऱ्या जगातलं तांबं आपल्या जगात आणता येतं. फसवणूक वाटली तर आणू नका, आपसात ठरवून घ्या, नाहीतर नंतर भांडणं.

नकाशा आपोआप वाटला जात नाही हेही लक्षात ठेवा. सगळ्यांचा एक करायला कार्टोग्राफी टेबल लागतं, त्याला २ कांसं, म्हणजे बराच पुढचा विषय. तोवर तोंडी सांगा.

चिंचपेटी
पहिला बॉस, म्हणजे मोठा शत्रू, आइक्थिर. त्याला बोलवायला हरणाच्या २ ट्रॉफ्या (मारल्यावर कधीकधी मिळणारी मुंडकी) वेदीवर. त्याआधी धनुष्य (१० लाकूड, ८ चामड्याचे तुकडे), ढाल, आणि बाण: ८ लाकडांत २०. पोट तिन्ही जागा भरून आणि रेस्टेड घेऊन जा. पाऊस पडत असेल तर बोलावूच नका, ओल्या अंगाला विजेचा मार जास्त बसतो आणि याच्याकडे वीजच आहे. मारल्यावर शिंग मिळतं, त्याची कुदळ (१० लाकूड, १ शिंग). कुदळीशिवाय तांबं-कथील नाही.

रानभूल
बरोबर. आणि ट्रॉफी प्रत्येक हरणाला मिळत नाही, म्हणून शिकारीला लागा लवकर.

घाटवाट
पुढचा प्रदेश ब्लॅक फॉरेस्ट. आधी दफनगृहं (बरिअल चेंबर्स) शोधा, दगडी तोंड असतं. आत सर्टलिंग कोर, भट्ट्या आणि पोर्टल बांधायला लागतात. सांगाडे सोटा मारला की पटकन मोडतात, तलवार-कुऱ्हाडीपेक्षा ६ लाकडांचा सोटा चांगला. कोळसा भट्टीला ५ कोर, वितळवणीला ५ कोर, दोन्हींना २०-२० दगड. पुढे पोर्टलच्या (एकातून शिरून दूरच्या दुसऱ्यातून बाहेर पडायची दारं) जोडीला ४. म्हणजे १४ कोर जमल्याशिवाय घरी परतू नका.

कांसं करायला २ तांबं + १ कथील. एक खनिज वितळवायला २ कोळसे, म्हणजे २ लाकूड. पण कोळसा भट्टीत फाइन वुड (बर्च-ओकचं चांगलं लाकूड) टाकू नका, तेही खाते ती! साधं बीचचं लाकूड वापरा. तांब्याचा दगड वर दिसतो तेवढाच नसतो, बहुतेक भाग जमिनीत असतो. भोवतीची माती खालपर्यंत काढा. चहूकडून सुटा झाला की दोन-चार घावांत सगळा कोसळतो, तासभर कुटत बसावं लागत नाही. तांब्याचं एक खनिज १० किलो, पाठीवर ३०० किलोच, मग हिशोब तुम्हीच करा.

पहिलं कांसं कशाला? कुऱ्हाडीला (८ कांसं). बर्च आणि ओक त्याशिवाय पडत नाहीत, आणि फाइन वुड त्यांतच. नव्यांना चिलखताचा मोह होतो. तिन्ही भागांना १५ कांसं जातात, नंतर बघू.

अर्धी_भाकरी
ट्रोल (तिथला मोठा राक्षस) दिसला तर?

घाटवाट
पळ. झाडांच्या मागे नको, झाडंच पाडतो तो, आणि धाग्याची सुरुवात काय झाली आठव.

झोपमोड
पोर्टल: २० फाइन वुड, १० ग्रेड्वार्फचे (ब्लॅक फॉरेस्टमधले बुटके शत्रू) डोळे, २ कोर, आणि असे दोन. दोन्हींना एकच नाव. तिसऱ्यालाही तेच नाव दिलंत तर तो जोडीत येत नाही, मग "पोर्टल बिघडला" म्हणून ओरड. खनिज, तांबं, कथील, कांसं पोर्टलमधून जात नाही, त्याला होडीच हवी. २०२३ पासून जगाच्या सेटिंगमध्ये सगळं जाऊ देण्याचा पर्याय आहे. मला विचाराल तर पहिल्यांदा खेळताना तो बंदच ठेवा, निम्मी मजा समुद्रात आहे.

उकडीचा_मोदक
नाही पटत. ज्यांना आठवड्यात दोन तास मिळतात त्यांनी चालू करावा. सहल झाली, खनिज घरी, बस.

झोपमोड
ठीक, आपापल्या वेळेप्रमाणे. लाइट आली का?

उकडीचा_मोदक
आली आणि गेली

चिंचपेटी
मेल्यावर सगळं थडग्यात राहतं, कौशल्यांतले ५ टक्के जातात. पुढची १० मिनिटं दुसऱ्यांदा मेलात तरी कौशल्य जात नाही, म्हणून थडगं आणायला लगेच निघा. पण आधी खा. नवीन मरणामुळे जुनं थडगं पुसलं जात नाही.

आणि घर बांधताना रंग बघा: निळा म्हणजे जमिनीवर टेकलेला, मग हिरवा, पिवळा, तांबडा. तांबड्यावर अजून एक तुकडा ठेवलात तर तो तुटून पडतो. उंच जायचं तर मध्ये कोअर वुडचे खांब, ते पाइनमधून.

रानभूल
एक राहिलं. पिवळं गवत दिसलं तर उतरू नका. ते प्लेन्स. तिथले डास (डेथस्क्विटो) सुरुवातीच्या आरोग्याला एका दंशात पुरतात. दलदलही टाळा, पाण्यात जळवा आहेत.

रानभूल
भाच्याचा परत मेसेज: "मामा, तराफा बनवला, २० लाकूड, ६ चामडं, ६ डिंक. समोर मोठं सोनेरी मैदान आहे, काय भारी दिसतंय, चाललो."

पावणेआठ
फोन लावा त्याला 😂

रानभूल
उचलत नाहीये